आखरावर झार

रशियाचा इतिहास मी नोकरी असेपर्यंत शिकवला आणि एकदाही थंड डोक्याने शिकवला नाही. झार, त्याचे सरदार, जमिनीला जखडलेली रयत, राजवाड्यासमोरच्या बर्फात पडलेली माणसं, इथवर आलं की माझा आवाज चढायचा. पोरं खाली मान घालून हसायची. त्यांनी माझं नाव ‘झारीणबाई’ पाडलं होतं हे मला निवृत्तीच्या दिवशी कळलं, तेही शाळेच्या शिपायाकडून. त्यांना वाटायचं, बाईंना रशियाचा भारी पुळका. पुळका कसला आलाय? मी रशिया पाहिला नाही, पाहायची हौसही नाही. माझा राग आमच्या गावच्या आखरावरचा होता आणि तो काढायला मला एक लांबचा देश सापडला होता, एवढंच. आता सत्तरी उलटली. गुडघे गेले, दात गेले, राग तेवढा शाबूत आहे. त्यातला कोणाच्या वाट्याला किती जातो हे मात्र मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, घरातही नाही.

आमचा तांडा गावाला लागूनच होता, मधे एक नाला. पलीकडे गाव, पाटलांचं घर, शाळा, दुकानं. अलीकडे आमची चाळीस-पन्नास घरं. घरात आम्ही गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, बोलायचो, नाला ओलांडला की वऱ्हाडी. (इथे घरातलं बोलणंही मी वऱ्हाडीतच लिहिते, नाहीतर निम्म्या वाचणाऱ्यांना कळायचं नाही.) माझी आई, आमच्याकडे आईला याडी म्हणतात, जुन्या वळणाची होती. दंडापर्यंत पांढऱ्या बलिया, म्हणजे बांगड्या, गालांवर चांदीचे झुबके. ती भाकरी थापायला बसली की बलियांची खडखड आणि पिठावरची थापथाप असा दुहेरी आवाज यायचा आणि मी अंथरुणातूनच ओळखायची की आज पीठ सैल झालंय, याडीचं डोकं तापलेलं आहे. तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, पाट्यावरचा लसणाचा ठेचा. पाहुणा आला तरी हेच, फक्त वरणावर तेल जास्त. बापू, म्हणजे माझे वडील, तांड्याचे नायक होते. तांड्यातलं भांडण त्यांच्यापुढे यायचं, लग्न त्यांच्या शब्दाशिवाय ठरायचं नाही. अंगणातल्या कडुनिंबाखाली त्यांची बाज असे आणि त्या बाजेवर त्यांच्याशिवाय कोणी बसत नसे. मला हे तेव्हा खटकलं नव्हतं. बाप बाजेवर बसतो, त्यात खटकण्यासारखं काय?

बापूंना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण बोलायला लागले की माणसं हातातलं काम सोडून ऐकायची. त्यांचा आवडता विषय एकच: आमच्या वाडवडिलांची लदेणी. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून आमचे लोक मुलूखच्या मुलूख पालथे घालायचे. पुढचा बैल एका गावात पाणी प्यायचा तेव्हा मागचा बैल मागच्या गावातून निघायचा असायचा, असं ते सांगायचे. त्यात पदरचं किती हे मी कधी मोजलं नाही. मग रेल्वे आली, बैल बसले. इंग्रजांनी कायदा केला आणि फिरणारी माणसं जन्मजात चोर ठरली. माझ्या आज्याला रोज नाला ओलांडून पाटलाच्या ओट्यावर हजेरी द्यावी लागायची. ज्या माणसाच्या बापाने दक्षिणेपर्यंतच्या वाटा तोंडपाठ केल्या होत्या, तो आर्णीच्या बाजाराला जायचं तरी विचारून जायचा. हे सांगताना बापू हसायचे. मला त्यांचं ते हसणं लहानपणापासून आवडत नसे.

पुस्तक मला मास्तरांनी दिलं. आमचे इतिहासाचे मास्तर नागपूरकडचे, एकटेच राहायचे, स्वतःचं जेवण स्वतः करायचे आणि ते करपवायचे. तेव्हा रशियातच छापलेली मराठी पुस्तकं यवतमाळला गाडीवर विकायला यायची, जाड पुठ्ठ्याची, गुळगुळीत कागदाची आणि त्या मानाने फुकटात. मी दहावीत होते, वर्गात तांड्यातली मी एकटी मुलगी. मास्तर म्हणाले, “परीक्षेत यातलं एक पानही येणार नाही. तरी वाच.” पुस्तकाला डिंकाचा आंबूस वास होता. जुन्या काळच्या राजांपासून क्रांतीपर्यंत सगळं त्यात होतं. मी ते दुपारी ओसरीवर बसून वाचायची आणि याडी शेजारी फेटियाला, म्हणजे घागऱ्याला, आरसे टाकत ऐकायची. ती प्रत्येक राजाबद्दल एकच प्रश्न विचारायची.

“त्याच्या बायकोनं काय केलं?”

भयंकर म्हणून ज्याची ख्याती, त्या इव्हानने रागाच्या भरात स्वतःच्या तरण्याताठ्या मुलाच्या डोक्यात काठी घातली, मुलगा गेला आणि मग राजा ऊर बडवून रडला, हे मी वाचलं तेव्हा याडीने सुई थांबवली. “रडला म्हणून पुस्तकात लिहिलं,” ती म्हणाली, “पोराची माय रडली असती तं कोणी लिहिलं असतं काय?” ती माय आधीच मेली होती, मी सांगितलं. “सुटली,” याडी म्हणाली. पीटरने सरदारांच्या दाढ्या कापल्या आणि दाढी ठेवायची असेल तर कर भरा म्हणाला, यावर ती खूप हसली. कॅथरीनवर तिचा जीव जडला. नवऱ्याला गादीवरून उठवून स्वतः बसली म्हणजे बाईत काही दम होता. तिने उत्साहाने विचारलं, “मंग तिनं रयतेले सोडलं असन?”

“नाही. आणखी आवळलं. सरदारांना रयत वाटून दिली.”

“मंग मले कायले सांगून राह्यली तिचं?” म्हणून याडीने धागा तोडला.

एक गोष्ट मात्र मी तिला वाचून दाखवली नाही. तिथल्या कुळांना मालकाची जमीन सोडून दुसरीकडे जायला वर्षात फक्त एकदा परवानगी होती. सुगी झाली की एका संताच्या दिवसाच्या मागचा एक आठवडा आणि पुढचा एक. तेवढ्यात हिशेब चुकता करून निघायचं, नाहीतर परत वर्षभर तिथेच. मग एका राजाने तेही बंद केलं. कायमचं. मी पुस्तक मिटून नाल्याकडे बघत बसले. तिकडे माणूस हलला तर गुन्हा. आमच्याकडे माणूस थांबला नाही तर गुन्हा. कायदा करणाऱ्याला माणूस कुठे हवा असतो हे मला पंधराव्या वर्षी कळलं: आपल्या नजरेखाली.

आता पोळ्याचं सांगते. आमच्या भागात पोळा म्हणजे दिवाळीपेक्षा मोठा सण. आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपाने चोळायचे आणि त्यांच्या कानात आवतण द्यायचं, की उद्या जेवायला या. दुसऱ्या दिवशी शिंगांना बेगड, अंगावर झूल, कपाळाला बाशिंग. दुपार कलली की सगळ्या जोड्या आखरावर जायच्या. आखर म्हणजे गावाच्या तोंडाशी गुरं जमतात ते मोकळं मैदान. तिथे आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं असे आणि त्याच्यापुढे बैलांची रांग. पहिली जोडी पाटलांची. मग पाटलांचे भाऊबंद. मग मोठे शेतकरी, मग लहान, आणि सगळ्यात शेवटी, नाल्याच्या काठाला चिखलात, आमचा तांडा. पाटलांच्या बैलाने तोरण तोडलं की पोळा फुटला. मग एकच पळापळ, धुरळा, ढोल. आमच्या जोड्या तोरणाखाली पोचायच्या तेव्हा तिथे दोन खांब आणि तुडवलेली पानं उरलेली असायची. ज्यांच्या पिढ्या बैलांच्या पाठीमागे चालण्यात गेल्या, त्यांचे बैल शेवटी.

आणि हे पुरेसं नव्हतं. तोरण तुटायच्या आधी झडत्या म्हणायची आमच्याकडे रीत आहे. झडती म्हणजे हाळी देऊन म्हणायची यमकाची ओळ-दोन ओळ. त्यात कोणाची थट्टा, कोणाची उणीदुणी, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून महादेवाचा गजर. पोळ्याच्या झडतीचा राग धरायचा नाही, असा नियम. आता पूर्ण पंचक्रोशीत बापूंसारखा झडती म्हणणारा नव्हता. त्यामुळे दरसाल पाटील रांगेच्या टोकाकडे हात करायचे, “बलवा आमच्या नायकाले.” बापू बैलांची दोरी दुसऱ्याच्या हातात द्यायचे, एकटेच पूर्ण रांग ओलांडून पुढे जायचे, तोरणाखाली उभं राहून झडत्या म्हणायचे, पाटलांचं भलं चिंतायचे आणि परत शेवटी येऊन उभे राहायचे. गळा पुढे, बैल मागे. येताना त्यांचा चेहरा असा फुललेला असायचा की मला तिथून उठून पळून जावंसं वाटायचं.

तीन सालांपासून बापू पोळ्याआधी अर्ज करायचे. त्या वर्षी तो मी लिहिला, अक्षर चांगलं म्हणून. “लिही बाई,” ते म्हणाले, “तांड्याची एक जोडी, एकच, मधात उभी राहू द्यावी. मायबाप लिही. वर बी लिही अन् खाली बी लिही.” मी दोन्हीकडे लिहिलं. धुतलेलं धोतर, लाल फेटा, बरोबर तांड्यातले दोन म्हातारे, असे ते सकाळी नाला ओलांडून गेले. घंट्याभरात परत आले.

“पाटील नाही भेटले. नेरले गेले म्हणे. दिवाणजीनं कागद ठेवून घेतला,” ते याडीला सांगत होते. “ते असते तं काम झालं असतं. माणूस चांगला हाये. हे खालचे लोकं त्याले काही कळू देत नाही.”

पाटील नेरला गेले नव्हते. शनिवारची सकाळची शाळा होती; येताना मी त्यांना त्यांच्याच ओसरीवर पान खाताना पाहिलं होतं. मी ते बापूंना सांगितलं नाही. त्यांच्या फेट्याकडे पाहिलं आणि तोंड उघडेना.

त्याच दुपारी मी पुस्तकातल्या त्या पानावर आले. आधीच चिडलेले होते, त्यात हे. कारखान्यातली माणसं रविवारी सणाचे कपडे घालून, पोराबाळांसह, देवाच्या तसबिरी आणि राजाचीच चित्रं हातात धरून राजवाड्याकडे निघाली. पुढे एक पाद्री. हातात अर्ज, अर्जात मायबाप. राजा चांगला आहे, त्याच्यापर्यंत आपलं गाऱ्हाणं पोचू देत नाहीत, एवढंच त्यांचं म्हणणं. राजा वाड्यात नव्हताच. शिपाई होते, बंदुका होत्या आणि त्या चालल्या. त्या पानावर माझ्या पेन्सिलीने भोक पडलेलं आहे. पुस्तक अजून माझ्याकडे आहे आणि भोकही. सबंध रशियात, इतक्या शतकांत, लोकांना एवढं साधं कळलं नाही की खालचे लोक वरच्याने ठेवलेले असतात? आणि नाल्याच्या अलीकडे, माझ्या स्वतःच्या बापाला?

मी वहीचं मागचं पान फाडलं आणि झडती लिहिली. एका बैठकीत. त्यानंतर आयुष्यात मी कधी कविता केली नाही.

दूर देशी रशियात राजा होता झार,
रयतेच्या खांद्यावर त्याचा सारा भार.
आधी त्याचे घोडे, मंग सोयऱ्याची रांग,
रयत उभी शेवटी, तिले कोण देते बांग.
मायबाप म्हणत म्हणत रयत गेली दारी,
मायबाप घरी नाही, बंदूक उभी दारी.
एक दिस बाया उठल्या, भाकरीसाठी ठाकल्या,
तीनशे वर्साच्या गाद्या आठ दिसात वाकल्या.

दुसऱ्या दिवशी बापू कडुनिंबाखाली बैलांसाठी नवी वेसण वळत बसले होते. मी म्हटलं, एक नवी झडती आहे, रशियाची, मास्तरांच्या पुस्तकातून केली. ते खूश झाले. लेकीने झडती केली. मी ओळ म्हणायची, ते सूत वळता वळता परत म्हणायचे. दोनदा ऐकलं की त्यांना पाठ व्हायचं. मधेच त्यांनी विचारलं, “हा झार लय वाईट होता काय?”

“शेवटचा तसा नव्हता म्हणतात. बायकोपोरांवर जीव लावणारा होता.”

“हां,” ते म्हणाले. “मंग खालचे लोकं वाईट असतील.”

त्या वेळी सांगायला हवं होतं. तिथेच, कडुनिंबाखाली, कोणी नसताना. मी म्हटलं, “हो, तसंच असेल.”

याडी ओसरीवरून ऐकत होती. बापू उठून गेल्यावर ती म्हणाली, “हे काही रशियाचं नोहे. तू बापाले सांगितलं काय?” मी म्हटलं, झडतीचा कोणी राग धरत नसतो. ती शाळेत गेली नव्हती, पण कोणते नियम कोणासाठी असतात हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

पोळ्याच्या दिवशी ऊन कडक होतं. आम्ही बाया आखराच्या कडेला मारुतीच्या ओट्यावर उभ्या होतो. रांग लागली, ढोल थांबले. पाटलांनी हात केला आणि बापू लाल फेट्यात पुढे गेले. आधी एक-दोन नेहमीच्या झडत्या झाल्या, माणसं हसली, महादेवाचा गजर झाला. मग त्यांनी खाकरून आवाज लावला. दूर देशी रशियात. लोक जरा गोंधळले, रशिया कुठून आला म्हणून. दुसऱ्या कडव्याला, आधी त्याचे घोडे, मंग सोयऱ्याची रांग, मधल्या भागातून कोणीतरी फिस्सकन हसलं. मग त्याच्या शेजारचा. मग सगळी रांग हसायला लागली आणि सगळ्यांच्या माना पाटलांच्या जोडीकडे वळल्या. बापूंनीही वळून पाहिलं. पाटलांची जोडी, भावांची जोडी, पुढे सगळे, आणि पार शेवटी चिखलात चांद्या आणि बिजल्या, आमचे दोन. मला ते दिसलं, त्यांना कळल्याचं. त्यांनी ओट्यावरच्या बायांमध्ये मला शोधलं. माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर मी आयुष्यभर निर्धास्त राहिले असते.

त्यांनी पुढचं कडवं म्हटलं. पण हाळी देऊन नाही. बोलल्यासारखं, हळू, स्वतःलाच विचारल्यासारखं. मायबाप म्हणत म्हणत रयत गेली दारी. मायबाप घरी नाही. आणि थांबले. शेवटच्या दोन ओळी त्यांनी म्हटल्याच नाहीत. बाया उठल्याच नाहीत, गाद्या वाकल्याच नाहीत. पाटलांनीच मग महादेवाचा गजर केला, हसत, आणि लोकांनी घाईघाईने साथ दिली.

“नायक,” पाटील म्हणाले, अजून हसतच, “हे कोणं लिहून देल्लं तुले?”

“मीच जोडली, मालक.”

“तुले लिहिता येत नाही. रशिया कुठं हाये, ठाऊक तरी हाये काय?”

“रशिया नाही ठाऊक, मालक,” बापू म्हणाले. “रांग ठाऊक हाये.”

ते मागे वळले आणि पूर्ण रांग ओलांडून चालत आले. त्या दिवशी त्यांचा चेहरा फुललेला नव्हता. कोणी त्यांना वाट करून दिली, कोणी दिली नाही. मी ओट्यावर उभी होते आणि माझ्या मनात, खोटं कशाला बोलू, पहिला विचार हाच आला: शेवटच्या ओळी काहून नाही म्हटल्या? एवढा राग आला मला त्यांचा. तो पाद्री तरी लोकांबरोबर स्वतः चालत होता. मी माझ्या बापाला एकट्याला पुढे पाठवलं होतं, समोर काय आहे हे न सांगता, आणि ओट्यावरच्या सावलीत उभी राहून त्याने आणखी दोन पावलं का टाकली नाहीत म्हणून चिडत होते. हे कळायला मला अर्धं आयुष्य लागलं. कळल्यावरही राग गेला नाही, फक्त त्याने माझ्याकडे तोंड फिरवलं.

आठवड्याने दिवाणजी नाल्याच्या पलीकडे उभं राहून ओरडून सांगून गेला, की पुढच्या सालापासून तांड्याने आपला पोळा आपल्यातच करावा, गावच्या आखरावर जागा पुरत नाही. बस, एवढंच. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. झडतीचा राग पाटलांनी धरला नाही, नियम पाळला. बापू त्यानंतर कधी झडती म्हणाले नाहीत. ज्या माणसाचं ऐकायला पंचक्रोशी जमायची, तो चाळीस घरांत गप्प बसला. मला एका शब्दानेही त्यांनी विचारलं नाही. याडीने विचारलं, भाकरी थापता थापता, “मोकळी झाली?”

ते रशियाचं पुस्तक क्रांतीपाशी संपत होतं. शेवटच्या पानावर झेंडे, हसरी माणसं, उगवता सूर्य. पुढे त्याच माणसांचं काय झालं, कोण कुठल्या खुर्चीवर बसलं आणि कोणाला पुन्हा गाव सोडायला कागद लागू लागला, हे मी नोकरी लागल्यावर दुसऱ्या पुस्तकांत वाचलं आणि मास्तरांचं पुस्तक भिंतीवर फेकून मारलं. नंतर उचलून आणलं. पुस्तकाचा काय दोष? ज्याला जिथे थांबायला सोयीचं, तो तिथे थांबतो.

पुढच्या वर्षी तांड्याचा पहिला पोळा झाला. खरं सांगते, इतका आनंद मी आमच्या तांड्यात परत पाहिला नाही. पोरांनी खांब पुरले, बायांनी तोरण बांधलं, आणि ते तोरण गावच्यापेक्षा हातभर उंच, मुद्दाम. मीही पोतंभर पानं ओवली. मला वाटत होतं, हे मी केलंय. त्या आठ ओळींनी केलंय. सगळ्यांच्या आधी फुलीबाई आली. ती विधवा, तिचा एक बैल स्वतःचा आणि दुसरा मागून आणलेला, दोघांच्या शिंगांना बेगडाऐवजी गेरू. पहिली आली म्हणून ती सरळ तोरणाखाली जाऊन उभी राहिली. नवा पोळा होता, तिला काय माहीत? एक तरणा पोरगा धावत गेला.

“काकी, मांगं व्हा. नायकाची जोडी येऊन राह्यली.”

आणि बापू आले. लाल फेटा, चांद्या आणि बिजल्या नव्या झुलीत. त्यांच्यामागे तांड्याच्या कारभाऱ्याची, म्हणजे नायकाखालच्या मानकऱ्याची, जोडी, मग त्याच्या भावांची, मग बाकीचे, कोणी न सांगता, आपापल्या जागी. फुलीबाई बैल वळवून मागे निघाली. मी ओवाळणीचं ताट घेऊन उभी होते. नायकाची लेक, ते माझंच काम. मी बापूंजवळ गेले आणि हळूच म्हटलं, “बापू, ती पहिली आलती.”

“हो.”

“मग तुम्ही मागे जा.”

“नायक मांगं उभा राह्यला तं तांडा नायक कोणाले म्हणन?”

“मग पाटील काय वाईट होता?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मागच्या वर्षी आखरावरून पाहिलं होतं तसंच. “तो आपला नोहता,” ते म्हणाले. माझी समजूत घालायला नाही; त्यांना ते मनापासून तसंच वाटत होतं.

ढोल वाजायला लागले. सगळे माझी वाट पाहत होते. ताट मी खाली ठेवू शकले असते. कोणी मारलं नसतं, नाल्यापलीकडे हाकललं नसतं. मला वर्षभर रशिया तोंडपाठ होता. मी आधी चांद्याला ओवाळलं, मग बिजल्याला, मग बापूंना. मग कारभाऱ्याची जोडी, मग एकेक. तोरण तुटलं, धुरळा उडाला. शेवटी फुलीबाईपाशी पोचले तेव्हा ताटात कुंकू उरलं नव्हतं. मी बोटाने ताट खरवडायला लागले.

“राहू दे, बाई,” ती म्हणाली. “माहे बैल काही बोलत नाही.”

तिने ते रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं.